मोहप्याला सात चढ

नागपूर सपाट आहे म्हणणारे
सगळे मोटारीत बसलेले असतात.

काटोल नाक्यावर झिबलकाका नेवारे
माझ्या मागच्या चाकात हवा भरता भरता म्हणाले,
"किलोमीटर गाडीवाल्यायले, बाई.
सायकलवाल्यानं चढ मोजावं.
मोहप्यापावतर सात हायेत.
एक जास्त नाही, एक कमी नाही."
बावीस वर्षं कॅरिअरला पावाचा डबा बांधून
त्यांनी हा रस्ता ओढलेला.
मी ऑडिटमधली. आकडा कानावर पडला
की पडताळल्याशिवाय झोप येत नाही.

डिसेंबर. पाच वाजून चाळीस मिनिटं.
गोरेवाड्याच्या कुंपणापलीकडे काहीतरी खोकलं.
बिबट की चौकीदार, कळलं नाही;
पुढचे दोन किलोमीटर मात्र फार लवकर गेले.

पहिला चढ फेटरीच्या अलीकडे. तो दिसत नाही.
ओठांतलं गुणगुणणं एका शब्दावर अडतं,
मग लक्षात येतं, चढतोय आपण.
दुसरा दिसतो, पण लबाड:
माथा वाटतो तिथे माथा नसतो,
अजून एक खांदा काढून तो बसलेला.
तिसरा, चौथा जुळे.
त्यांच्यामधल्या नाल्यावर थंडी साचलेली,
पाणी साचावं तशी;
पुलावर उतरताना ती घोट्याला लागते,
गुडघ्याला, छातीला,
आणि पलीकडे चढून बाहेर यावं लागतं निथळत.

कळमेश्वरला चहा.
टपरीवाल्याने टायर दोन बोटांत दाबून पाहिला.
"इतकुसा? अन् कितीची?"
मी निम्मी किंमत सांगितली.
तरी त्याने हातातला ग्लास खाली ठेवला.

पुढे ऊन. तुरीच्या शेंगा.
बाभळीच्या काट्यांना
गाड्यांवरून ओढून घेतलेला कापूस.
संत्र्यांचा ट्रक घासून गेला आणि
त्याच्यामागे बराच वेळ
कोणीतरी साल सोलत असल्यासारखी हवा.
पाच.
सहा, आणि सहावा मांडीत घट्ट बसला.
मग सातव्याची वाट पाहत
खाली वाकून, गिअर हलका करून ठेवून
मी मोहप्याच्या पाटीखाली पोचले.

सहाच.

परतताना सापडलं.
काळा दगड दोन्ही बाजूंनी उभा कापलेला,
सुरुंगाच्या भोकांचे ओरखडे वरपासून खालपर्यंत,
मधून रुंद रस्ता, सरळ, पिवळ्या पट्ट्यांचा.
चढ होता तिथे आता
दोन भिंती आणि वारा.
डाव्या हाताला, तरोट्याच्या वाळक्या काड्यांत,
जुन्या डांबराची जीभ.

खांद्यावर सायकल घेऊन चर ओलांडली.
मग बसले, आणि चढले.
डांबर कमी, गिट्टी जास्त,
दोनदा मागचं चाक जागेवर फिरलं,
एकदा मी मोठ्याने काहीतरी बोलले
जे ऑफिसात बोलत नाही.

वर काहीच नव्हतं.
अक्षरं गेलेला एक मैलाचा दगड,
आणि त्याला लागून दुसरा, चपटा,
कोणीतरी मुद्दाम आणून ठेवलेला,
भरलेलं कॅरिअर टेकवता येईल
बरोबर तेवढ्या उंचीचा.
मी टेकवलं. माझ्या कॅरिअरला ओझं नव्हतं,
खरं तर माझ्या सायकलीला कॅरिअरच नाही.
सीट टेकवली.
तिथून आलेला सगळा रस्ता दिसत होता,
दिसे, बुडे, पुन्हा दिसे,
कापडात घातलेल्या धावदोऱ्यासारखा.
टाके मोजले. सहा.
पायाखालचा धरून.
मग पुन्हा मोजले. फेटरीचा
इथूनही दिसत नव्हता.

नाक्यावर पोचले तेव्हा दुपार.
झिबलकाका घमेल्यातल्या पाण्यात
कुणाची तरी ट्यूब बुडवून बसलेले.
वर न बघताच,
"किती भरले?"
"सात."
"सातवा बेकार हाय ना?"
"बेकार आहे."
त्यांनी ट्यूब आणखी एक वीत फिरवली.
बुडबुडा आला.
तिथे त्यांनी अंगठा ठेवला,
आणि दुसऱ्या हाताने
खडू शोधू लागले.